लाइटीचा फोन

टेंभुर्णीच्या त्रिंबकआबांना रोज न चुकता फोन करणारी एकच बाई होती आणि ती मोटरीच्या डब्यात राहायची. शेतातल्या शेडमध्ये स्टार्टरशेजारी बसवलेला तो सिमकार्डवाला डबा लाइट आली की फोन लावायचा. "नमस्कार. थ्री फेज वीज आली आहे. मोटर सुरू करण्यासाठी एक दाबा." आबा जेवत असले तरी हात धुऊन उचलायचे. व्होल्टेज कमी असलं तर बाई तेही सांगायची. आबांची बायको साखराबाई नातू सांभाळायला पुण्याला मुलाकडे गेली होती. दिवाळीपर्यंत म्हणून गेली; कोणती दिवाळी, ते सांगायचं राहिलं. तिचा फोन रविवारी यायचा, तोही नातवाच्या सवडीनं.

मग उंदरानं डब्याच्या ॲडॅप्टरची वायर कुरतडली आणि बाई गप्प झाली. आबांनी घर पालथं घातलं. फवारणी पंपाचा चार्जर सापडला. पिन बरोबर बसली. डब्याला पाच व्होल्ट लागायचे, चार्जर बाराचा होता. दोन्हींवर तसं छापलेलं होतं आणि आबांनी ते चष्मा लावून वाचलंही. वाचून त्यांना बरंच वाटलं. गावच्या डीपीतून कधी पुरतं व्होल्टेज आलं नव्हतं. कमी व्होल्टेजनं मोटरी जळतात हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. जास्तीनं काही जळतं, असा अनुभव कुणाच्याच गाठीला नव्हता.

डब्यातून बारीकसा धूर निघाला.

"आबा, बारा कामून दिले?" वायरमन गोरक्षनाथनं डबा हुंगत विचारलं.

"जरा दमदार चालंल म्हणलं."

"लेकराला गड्याची भाकर चारली तुम्ही. फेका आता हे. साधा ऑटो बसवतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू. फोनची कटकटच न्हाई."

"फोनवालाच पायजे."

गोरक्षनाथ स्टार्टरपाशी गेला, तर खालची केबल मोकळीच लोंबत होती. मोटर कोपऱ्यात गोणपाट पांघरून पडलेली.

"आबा, मोटर तर हितं झोपलीय."

"हीर आटली संक्रांतीला."

"मंग फोन आल्यावर काय दाबता?"

"काई न्हाई. ऐकून घेतो."

गोरक्षनाथ म्हणजे मयतीतही थट्टा करणारा माणूस. तोही नुसता पेचकस शोधायला लागला.

नवा डबा बसला, बरोबर त्याचाच पाच व्होल्टचा ॲडॅप्टर. "ह्यात दोन नंबर बसतात. दुसरा कोणाचा टाकू?"

आबांनी बराच वेळ विचार केला, जणू निवडायला पुष्कळ माणसं होती. मग साखराबाईचा सांगितला.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला बसले आणि लाइट आली. बाईचं ऐकून झालं तोच पुण्याहून फोन वाजला.

"अव्हो, ही कोण बाई मला एक दाबा म्हणून राह्यली?"

"आपल्या शेतात लाइट आली, ते सांगती."

"मला पुण्यात काय करायची? अन् मोटर तर वर काढली म्हणले होते तुम्ही."

"काढली."

पलीकडे नातू रडत होता. साखराबाईनं त्याला खांद्यावर घेतलं.

"व्होल्टेज कमी हाय म्हणली ती."

"हां. आज कमीच हाय."

"जेवले का?"

"बसलोच व्हतो."

"मंग जेवा," ती म्हणाली आणि फोन बंद न करताच ओट्यावर ठेवून कामाला लागली. आबांनी मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि पुण्याचा कुकर ऐकत भाकरी मोडली.