दोन पेरं वर

पाण्याचं मला कोणी शिकवू नये, असं मी गेली सव्वीस वर्षं म्हणत आलोय. प्लंबर आहे मी. भिंतीला ओल आली तर नुसता हात लावून सांगतो की पाइप कुठे फुटलाय. आणि तोंडाने फटकळ आहे, हेही आधीच सांगून टाकतो. एरवी माझं तोंड बंद करायला चार माणसं लागतात. त्या दिवशी ते आपणहून बंद राहिलं, आणि राहायला नको होतं तेव्हाच राहिलं.

माझी मुलगी, आम्ही तिला भिंगरी म्हणतो, रिमोटवरच्या बोटी पळवते. शर्यतीच्या. हातभर लांबीचं खेळणं वाटतं, पण सुटलं की मान वळवेपर्यंत तळ्याच्या त्या टोकाला पोचलेलं असतं. तिच्या बोटीतली मोटर तिच्या आईने गुंडाळलेली. ही, म्हणजे माझी बायको, वाइंडिंगच्या कारखान्यात होती. तांब्याची बारीक तार लोखंडी दातांभोवती बसवायची, वेढ्याला वेढा खेटून. तिच्या हातच्या हजारो मोटरी कुठल्या कुठल्या पंपांत आणि पंख्यांत फिरत असतील, कोणाला ठाऊक. आमच्या घरात ही एकच. अंथरुणाला खिळली होती तेव्हा उशीला टेकून तिने ती पुरी केली, आणि त्यानंतर सतरा दिवसांनी ती गेली.

म्हणून भिंगरीने मला बजावून ठेवलं होतं, "बाबा, मोटरीला हात लावायचा नाहीस."

नाही लावला. सुकाणूला लावला.

त्याचं असं आहे. बोटीच्या मागे सुकाणूचं उभं पितळी पातं असतं. त्याच्या पुढच्या धारेला, अगदी खाली, काडीएवढं भोक. बोट पळाली की पाणी त्यात घुसतं, नळीतून मोटरीभोवती फिरतं, तिला गार करतं आणि बोटीच्या कुशीतून धार होऊन बाहेर पडतं. भिंगरी तिला "बोटीची शू" म्हणते. धार चालू तर मोटर गार, धार तुटली तर मोटर भाजली. मागच्या महिन्यात त्या खालच्या भोकात शेवाळ अडकलं होतं आणि पोरीने सबंध संध्याकाळ सुईने ते कोरून काढलं. मला बघवलं नाही. म्हटलं, एवढी साधी गोष्ट! शेवाळ खाली असतं, भोक वर घ्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती बॅटऱ्या आणायला गेली तेव्हा मी खालचं भोक कथलाचा डाग देऊन बुजवलं आणि दोन पेरं वर नवं पाडलं. वर पहिल्यासारखाच काळा रंग मारला. मग बोट टाकीत ठेवून बघितली. नवं भोक पाण्याखाली चांगलं खोल. नळी तोंडाने ओढली तर पाणी सरसर वर आलं. मी इतका खूश झालो की स्वतःचीच पाठ थोपटायची बाकी होती. म्हटलं, आत्ता बोलायचं नाही, जिंकली की सांगू.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शर्यतीत माझं काम एकच. भिंगरीची नजर बोटीच्या रस्त्यावर असते, म्हणून मी वळणापाशी काठावर उभं राहायचं आणि धारेवर नजर ठेवायची. एवढंच. त्या दिवशी दोन फेऱ्या होत्या, आणि दोन्ही मिळून पहिल्या तिघांत येणारे राज्याच्या संघात जाणार होते. दोन वर्षं ती याच्यासाठी झटत होती.

पहिली फेरी सुटली. सरळ पट्ट्यात धार दिसली, बारीक, पण होती. उजव्या वळणाला बोट कलली आणि धार गायब. परत सरळ, परत धार. परत वळण, परत काही नाही. तेव्हा कळलं की मी भोक मोजलं ते उभ्या बोटीत. पळणारी बोट पाण्यात नसतेच, पाण्यावर असते. सुकाणूचं फक्त टोक बुडालेलं, आणि माझं भोक वर, बोटीच्या पंख्याने उडवलेल्या फेसात. सव्वीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस मी, आणि पाणी कुठपर्यंत येतं हे मला कळलं नाही.

भिंगरी दुसरी आली. धावत येऊन तिने झाकण उघडलं, मोटरीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"चटका बसतोय! बाबा, धार होती ना?"

आता सांग. आत्ता सांग, गाढवा. पण काय सांगू? आई गेल्यापासून ही पोर माझ्याशी धड बोलते ती फक्त या तळ्याच्या काठावर. घरी "जेवलास का" आणि "दिवा बंद कर", बस. हिने मला इथून हाकललं तर मी जाऊ कुठे?

"होती की," मी म्हणालो.

शेजारच्या टेबलावर मोटरवाला होता. त्याचं मोटरींचं दुकान आहे, माणूस सरळ आहे. तो वाकून बघायला आला. "पाणी मिळतंय आणि तरी एवढी तापतेय? मग वाइंडिंग कच्चं आहे, बाळ. वेढे सैल बसले असतील. माझ्याकडची एक मोटर देतो, ही काढून टाक."

भिंगरीने त्याच्याकडे पाठ केली आणि मला हळूच विचारलं, "आईचा हात तेव्हा थरथरत होता का रे?"

आणि मी म्हणालो, "असेल."

एक शब्द. जिने वेदनेने ओठ चावत वेढे मोजले, चुकलं असं वाटलं की सगळे उलगडून परत घातले, तिच्या नावावर मी माझं भोक ढकललं. मेलेलं माणूस काय उलट बोलणार! लाज वाटली म्हणू? लाज फार लहान गोष्ट आहे. मला तिथेच तळ्यात उतरावंसं वाटलं.

भिंगरीने मोटर बदलली नाही. "शेवटची एकदा पळवते," ती म्हणाली. "मग डब्यात ठेवून देईन."

दुसरी फेरी. सहा चकरा. पहिल्या वळणाला धार तुटली. दुसऱ्याला तुटली. तिसऱ्या चकरेत ती पहिली होती, लोक ओरडत होते, आणि आता सरळ पट्ट्यातसुद्धा धार नव्हती. बोटीचा आवाज चिरका झाला. माझ्या डोळ्यांपुढे ती तार काळी पडत होती, एकेक वेढा. थांबवली तर संघ गेला. नाही थांबवली तर तिच्या आईच्या हातचं शेवटचं काम गेलं, आणि जाताना वर कच्चं ठरून गेलं.

मी काठाने धावत सुटलो. "बंद कर! भिंगरे, बंद कर! वाइंडिंग चांगलं आहे! भोक मी वर घेतलंय! धार नव्हती, पहिल्यापासून नव्हती, मी खोटं बोललो!"

सगळं तळं माझ्याकडे बघायला लागलं. भिंगरीने बघितलं नाही. क्षणभर वाटलं, ऐकलंच नाही. मग तिने रिमोटच्या खटक्यावरून बोट उचललं.

बोट तळ्याच्या मधोमध थांबली. बाकीच्या तिला वळसे घालून निघून गेल्या.

शर्यतीच्या माणसांनी होडीतून बोट आणून दिली. भिंगरीने मोटर सोडवली आणि उजेडात धरली. एका बाजूचे वेढे तपकिरी पडले होते. करपल्याचा वास येत होता, थोडा, पण येत होता. चालेल की नाही, मोटरवाल्यालाही सांगता येईना. त्याने भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "वेढा मात्र एकही सैल नाही. असं काम मी बघितलेलं नाही." मग तो आपल्या टेबलाकडे गेला.

भिंगरी रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सुकाणू काढलं, माझा काळा रंग नखाने खरवडला, खालचं बुजवलेलं भोक बघितलं.

"मी विचारलं होतं तेव्हा सांगितलं असतंस, तर वीस मिनिटं होती आपल्याकडे," ती म्हणाली. "डाग काढायला पाच पुरली असती."

तिने नखातला काळा रंग पुसला.

"आता परत विचारते. आईचा हात थरथरत होता का?"

"नाही."

"नीट सांग."

"पेला धरताना थरथरायचा," मी म्हणालो. "चमचा धरताना थरथरायचा. तार हातात घेतली की थांबायचा. शेवटच्या वेढ्यापर्यंत."

तिने मोटर रुमालात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवली. सुकाणू माझ्या हातात दिलं आणि पेनने पात्याच्या टोकाशी, जुन्या भोकावर, एक ठिपका काढला.

"इथे," ती म्हणाली. "मी समोर बसेन तेव्हाच."