पेल्यातली करणी

साखर पेठेच्या टोकाला एक चिंचेचं झाड होतं. त्या उन्हाळ्यात त्याच्याखाली एवढी गर्दी लोटायची की टांगेवाले तो रस्ताच टाळायचे. गिरणीचा भोंगा झाला की पाळीवरून सुटलेली माणसं घरी न जाता आधी चिंचेखाली यायची. मागावरच्या बाया सूत लागलेले हात पदराला पुसत धावायच्या. कारण दोरीबाबा आले होते. कुणी म्हणे दुधनीकडून आले, कुणी म्हणे थेट हिमालयातून. बाबांना विचारलं तर ते नुसतं वर बोट करायचे, आणि वर चिंचाच असायच्या.

दोरीबाबा पोटातली करणी काढायचे. ती तर कुणीही देवरुषी काढतो. लिंबू कापतो, कोंबडं मागतो आणि गेली म्हणून सांगतो. पण गेलेली करणी कुणी पाहिलेली नसते. दोरीबाबांची करणी दिसायची! त्यांची काळी विभूती घ्यायची, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हातचा प्रसादाचा पेढा खायचा आणि परसाकडे गेलं की मागं वळून पाहायचं. काळीभोर, बुळबुळीत, वीतभर लांब दोरी पडलेली असायची.

"पोट म्हंजी आड हाय बाबांनो, आड!" बाबा मांडीवर थाप मारून सांगायचे. "आडात दोर, दोराला घागर अन् घागरीत वैरी बसलाय दडून! ह्यो गुरूचा चेला त्याला वर वढतोय. पन एक पथ्य. विभूतीवर पानी न्हाय प्यायचं. पानी प्यालं की वैरी पवतो!"

"पवतो की," गर्दी म्हणायची.

ह्या गर्दीजवळून जाताना महिपती मास्तर छत्री खाली ओढायचे. ऊन नसलं तरी ओढायचे. मास्तर मराठी शाळेत वरच्या वर्गाला शिकवत. 'करणी म्हणजे अज्ञान' हे वाक्य त्यांनी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, आणि मास्तरांना घरी जाताना त्याच चिंचेखालून जावं लागायचं.

खरी गोष्ट अशी होती की मास्तर स्वतःच एकदा त्या झाडाखाली बसून आले होते. बद्धकोष्ठाचा त्रास त्यांना वर्षानुवर्षांचा. डॉक्टरला सांगायची लाज आणि बायकोला सांगायची तर त्याहून जास्त. शेवटी एका संध्याकाळी डोकं मफलरात गुंडाळून ते त्या रांगेत बसले आणि पुडी-पेढा घेऊन आले. पाण्याचं पथ्य मात्र त्यांच्याच्यानं पाळवलं नाही. उठल्यावर तांब्याभर पाणी प्यायची जन्माची सवय, ती हातून घडून गेली. दुसऱ्या दिवशी दोरी पडली. मास्तरांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पोट हलकं झालं होतं आणि डोकं जड. 'हे खरं असलं तर मी शिकवतो ते काय?' ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी तो कुणालाच विचारला नाही. स्वतःलाही पुन्हा नाही.

अशातच त्यांची मुलगी बाळाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला, नाव अजून ठेवायचं होतं. पण बाळाबाई दिवसेंदिवस सुकत चालली. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. बाळ रडलं तरी कूस बदलवत नव्हती.

"काय होतंय गं?" मास्तरांनी दारातूनच विचारलं.

"काय न्हाय आप्पा."

"ताप आहे का?"

"काय न्हाय म्हनलं की."

"बायकांचं हाय ते," मथुराबाई, तिची आई, आतून म्हणाली. "तुमी जावा शाळंला."

आणि मास्तर गेले. बायकांचं आहे म्हटल्यावर दारात उभं राहणं त्यांना अवघड वाटलं. वाटेत मात्र पोरीचा पिवळा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

अमावास्येच्या दुपारी ते शाळेतून परतले तर मथुराबाई बाळाबाईला धरून उभी करत होती. पोरीच्या कपाळावर घाम होता, ओठ चावलेला होता.

"कुठं निघालात?"

"बाबाकडं. पयल्या पुडीनं काय सुटलंच न्हाय. उलट पोट दगड झालंय. बाबा म्हनले, करनी मोठी हाय, पेढा इतक्यात नगं, दुसरी पुडी अवसंला लागती."

"पहिली पुडी? तू हिला त्या भोंदूची पुडी दिलीस?" मास्तरांचा आवाज चढला. "मला विचारलं नाहीस? मास्तरची बायको असून?"

मथुराबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"तुमी गेलता की!"

मास्तरांनी हातातली छत्री कोपऱ्यात ठेवली.

"तुमच्या मफलराला काळी पूड लागली हुती. मीच धुतला न्हवं का? मी म्हनलं, एवढी बुकं वाचनारा मानूस जातोय म्हंजी खोटं कसं असंल? शेजारच्या काशम्मालाबी तेच सांगितलं मी. तिनं सुनंला नेलंय आज."

मास्तरांनी कुणाला एक शब्द सांगितला नव्हता, तरी अख्ख्या गल्लीनं त्यांचीच साक्ष काढली होती. पोरीनंही ती पुडी वडिलांच्या भरवशावर गिळली होती.

"टांगा आणतो," ते म्हणाले. "डॉक्टरांकडे जायचं."

"बाप्या डाक्टराम्होरं ही काय सांगनार?"

"मी सांगतो. चल."

डॉक्टर शिवशरण जाडजूड, खणखणीत आवाजाचे. त्यांनी बाळाबाईचं पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली आणि विचारलं, "उलटी झाली? रक्त पडलं?"

"न्हाय."

"परसाकडे कधी झालं होतं?"

बाळाबाईनं पदर तोंडावर ओढला. मथुराबाई जमिनीकडे बघू लागली. मग मास्तर बोलले. "बाळंतपणापासून नीट झालंच नसावं, डॉक्टर. आमच्या गल्लीत सगळ्यांचा मिळून एकच संडास. दाराला कडी नाही. बाहेर पुरुषांची रांग. ही... ही दाबून ठेवत असणार." हे वाक्य बोलताना त्यांना कळलं की त्या रांगेत रोज सकाळी टमरेल घेऊन ते स्वतःही उभे असत.

"पाणी किती देता हिला?"

"बाळंतिनीला पानी?" मथुराबाई चमकली. "पोट सुटंल की! घोट-घोट देतो. बाबाबी तेच म्हनले, पानी नगं."

"छान! आधी तुम्ही पाणी तोडलं, वर त्यानं पुडी दिली." डॉक्टरांनी हात पुढे केला. "आहे का शिल्लक?"

पहिल्या पुडीतली चिमूट-दोन चिमूट पूड मथुराबाईच्या कनवटीच्या कागदात राहिली होती. डॉक्टरांनी ती काचेच्या पेल्यात टाकली, थोडं पाणी ओतलं आणि काडीनं ढवळून ठेवून दिलं. मग परिचारिकेला बोलावून बाळाबाईला पडद्याआड नेलं. एनिमा द्यावा लागला. पडद्याआडून पोरीचं कण्हणं येत होतं. मास्तर बाकावर डोकं धरून बसले. बाहेर कुणी ओळखीचं तर नाही ना, हा विचार मनात आला आणि त्या विचाराचीच त्यांना शिसारी आली.

बऱ्याच वेळानं डॉक्टर हात पुसत आले. "सुटली. आणखी एक पुडी पोटात जाती तर आतडंच बंद झालं असतं. मग मला काही करता आलं नसतं." त्यांनी पेला तिरपा केला. आतून काळी, बुळबुळीत दोरी लोंबली. "ही बघा तुमची करणी. इसबगोलाचा भुसा, चिकणमाती आणि कोळशाची पूड. पाणी लागलं की फुगते, चिकटते. आतड्याच्या नळीत शिरली की नळीचा आकार घेते."

"आणि वर पेढा देतात तो? हिला अजून दिलेला नाही."

"जमालगोटा असणार, दुसरं काय? फुगलेलं सगळं खसकन बाहेर ढकलायला. हिला दिला नाही हे नशीब. अडलेल्या पोटावर जमालगोटा म्हणजे खेळ खलास."

"म्हणजे इसबगोल वाईट?"

"अय्यो, मास्तर! इसबगोल गुणी आहे. पण पेलाभर पाण्यात घालायचा, लगेच प्यायचा आणि वर आणखी पेलाभर पाणी. कोरडा गिळला तर तोच घात करतो. हिला तूर्त तो नको." त्यांनी लिक्विड पॅराफीनची बाटली दिली. "हे तेल मळ मऊ करतं. रात्रीच्या जेवणानंतर जरा वेळानं एक चमचा, बसून प्यायचं. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. थोडे दिवसच, सवय लावायची नाही. पोट सुटलं की बंद. खरं औषध पाणी, भाजी आणि लागली की लगेच जाणं. अंगावर पिणाऱ्या पोराच्या आईला तर दुप्पट पाणी पाहिजे. आणि पोट फुगलं, उलटी झाली, रक्त पडलं, तर कुठलंच सारक घरी घ्यायचं नाही. सरळ इथं यायचं."

मायलेकींना टांग्यात बसवून मास्तर किराणा दुकानात गेले, तिथून घरच्या चुलीशी आणि मग दोन पेले नि पाण्याचा तांब्या घेऊन चिंचेकडे. दिवस कलला होता, गर्दी दाटली होती. काशम्माची सून ईरम्मा, सहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन, हातात पुडी धरून उभी होती.

"गिळू नकोस, पोरी," मास्तर म्हणाले. आवाज फार लहान आला, पण लोक वळले.

"या मास्तर!" बाबा गरजले. "बगा, शिकलेलं मानूसबी पुन्यांदा आलं! मागं मफलरात आलं हुतं!"

गर्दीत हशा पिकला. मास्तरांचे कान तापले. पळून जावंसं वाटलं. मग ते म्हणाले, "होय. आलो होतो. तुमची पुडी खाल्ली मी. दोरीही पडली. मला लाज वाटली म्हणून मी कुणाला बोललो नाही, आणि माझ्या लाजेपायी आज माझी मुलगी मरत होती."

हशा थांबला.

त्यांनी दोन्ही पेले चिंचेच्या पारावर ठेवले. ईरम्माच्या हातची पुडी एकात ओतली. दुसऱ्यात खिशातली पूड. दोन्हींत पाणी घालून ढवळलं. सगळे माना लांब करून बघू लागले. थोड्या वेळानं पेले तिरपे केले. दोन्हींतून काळ्या दोऱ्या लोंबल्या, जुळ्या बहिणी असाव्यात तशा.

"पान्यानं वैरी जागा झाला!" बाबा ओरडले.

"ह्या पेल्याला पोट कुठं आहे, महाराज? ह्याच्यावर कुणी करणी केली? आणि ही दुसरी पुडी तर मी आत्ता केली. दुकानातला इसबगोल, चिकणमाती, चुलीतला कोळसा. मग मीही गुरूचा चेला का?"

"बाबा, तुमीच खावा की एक," गिरणीतला मुकादम भिमा जॉबर म्हणाला. "बिगर पान्याची. अन् वर पेढाबी."

बाबांनी वर बोट केलं. ह्या वेळी कुणीच वर पाहिलं नाही. बाबा धोतर सावरत उठले, "ध्यानाची येळ झाली" म्हणाले आणि झोळी उचलून वेशीच्या दिशेनं जे निघाले ते दिसेनासे झाले.

गर्दी मात्र हलेना. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग भिमाच हळूच म्हणाला, "मीबी घेतलीती." मागून एकानं, मग आणखी एकानं खाकरून होकार भरला. दोरी प्रत्येकानं पाहिली होती, पण चारचौघांत काढून तपासायची, विचारायची लाज प्रत्येकाला होती. बाबांचा सगळा धंदा त्या लाजेवर चालला होता.

ईरम्मानं पदर सारखा केला. मान खालीच होती. "मास्तर, मंग पानी किती प्यायचं वो?"

भर रस्त्यात एका बाईनं असला प्रश्न विचारला, आणि आकाश काही कोसळलं नाही. मास्तरांनीही जमिनीकडेच बघत, पण स्पष्ट सांगितलं, "तहान लागेल तेवढं, आणि त्याहून दोन पेले जास्त. बाळंतिणीलासुद्धा. आणि संडासच्या दाराला उद्या मी कडी बसवतो. बायका जाऊन येईपर्यंत पुरुषांनी गल्लीच्या तोंडाशी थांबायचं. मीसुद्धा."

वाचकहो, शरीर देवानं दिलं असं माना की निसर्गानं दिलं, त्याचा एकही व्यवहार पाप नाही. पोट साफ होत नसेल तर सांगा. कुणी पुडी दिली तर तीत काय आहे ते विचारा, आणि न सांगणाऱ्याची पुडी घेऊ नका. तोंड लपवून घेतलेलं औषध दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात जातं. तेव्हा विचारा, मोठ्यानं विचारा आणि चारचौघांत विचारा.