मातेला नाही म्हटलं

सकाळी लेकरांची प्रार्थना चालू असताना दौलतभाऊ नातवाला खांद्यावर बसवून अंगणवाडीच्या दारात आले. शिवमच्या अंगात सैल सुती सदरा, हातात निंबाची डहाळी आणि कपाळापासून पायांपर्यंत कांजण्यांचे पाणीदार फोड.

मी दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले.

आमच्या गावात कांजण्या म्हणजे माता. माता घरात आली की फोडणी बंद, रागावणं बंद, आणि पोरगं मागेल ते द्यायचं. कारण मागणारं पोरगं नसतं, माता असते. चार वर्षांच्या माणसाला हे फार लवकर समजतं. काल मातेला जऊळक्याचं रेल्वे स्टेशन पाहायचं होतं, पाहून झालं. त्याआधी मातेनं आजोबाला घोडा करून अंगणभर फिरवलं. आज मातेला अंगणवाडी पाहिजे होती.

"बाजूले व्हा बाई," दौलतभाऊ म्हणाले. "मातेले नाही म्हनत नसतेत."

मी म्हटलं, खपल्या धरून पडू द्या, मग मीच कडेवर घेऊन येते. आता आणलं तर बाकीच्यांना लागेल. ते म्हणाले, लागू द्या की, माता काय एका घरापुरती असते?

माझ्या मागे चटईवर शाजिया बसली होती, बांगड्या विकणाऱ्या सुलतानबीची पोरगी. न्यूमोनियानं वाशीमच्या दवाखान्यात पडून नुकतीच परत आलेली. हाताची नुसती काडी. घरी घास घेत नाही; इथं बाकीची पोरं खाताना पाहिली की हळूच तोंड उघडते. आता दुसरं दुखणं तिला झेपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

हे दौलतभाऊंनाही ठाऊक होतं. मग तिलाच घरी पाठवा, म्हणाले. कोपऱ्यात बसलेली सुलतानबी लगेच उठली, पोरीचा हात धरला. असं उठायची तिला सवय आहे.

"बस," मी तिला म्हटलं. "ज्याले दुखनं हाये, तो घरी राहीन."

"खोली कोनाची हाये?" दौलतभाऊंनी विचारलं.

अंगणवाडीची इमारत गळते, म्हणून आम्ही त्यांच्या खोलीत भरतो. भाडं घेत नाहीत. आठवण मात्र नेमानं देतात.

"खोली तुमची. पोट्टे माह्ये."

मग मी आमच्या मदतनीस वैजयंतीला कुकर उचलायला सांगितलं. मागच्या दारानं लेकरं, चटया, वजनकाटा, सगळं बाहेर काढलं आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मांडलं. मातेला खोली पाहिजे होती, मिळाली.

पण मातेला खोली नको होती. रिकाम्या भिंती पाहून शिवमनं असा सूर लावला की दौलतभाऊ त्याला घेऊन आमच्या मागं आले. मी रस्त्यातच त्यांना आडवी गेले.

"कोप होईन, बाई."

"माह्यावर होऊ द्या. माहं नाव सांगा तिले, पंचफुला. घर बी दाखवा."

ते जागीच थांबले. शिवम मात्र नाही.

"मी येतो," तो म्हणाला.

"नाही."

"मी येतोच."

"नाहीच."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या दिवसांत त्याला कुणी नाही म्हटलंच नव्हतं. मग त्याचा ओठ वाकडा झाला, आणि खाजते, खाजते म्हणत तो रडायला लागला. हे रडणं मातेचं नव्हतं, दुखणाईत लेकराचं होतं. माझं काळीज हललं. पाय मी हलू दिले नाहीत. दौलतभाऊंनी त्याचं डोकं खांद्यावर टेकवलं आणि घराकडे वळले. थोड्या वेळानं खोलीला कुलूप लागल्याचं वैजयंती सांगत आली.

ओट्यावर वारा होता. शाजियानं खिचडीचे सहा-सात घास खाल्ले, तेवढ्यात दौलतभाऊंचा सालदार देवमन निरोप घेऊन आला. मातेपुढं नारळ फोडून माफी मागितली तर खोली उघडतील म्हणे.

"कुलूप राहू दे म्हनाव," मी म्हटलं. "शिवमच्या खपल्या पडल्या की त्याले इथीच पाठवा. जागा ठेवून राह्यली त्याची."

देवमन घुटमळला. एवढंच सांगू?

"एवढंच. अन् आता उभा काहून? त्या चटईचं टोक धर, पोट्ट्यांवर ऊन येऊन राह्यलं."