तिसरा पेला

मसऊदाने किटली उंच धरून चहाची धार सोडली. फेस जमेपर्यंत या पेल्यातून त्या पेल्यात केलं आणि पहिला पेला बोयाला दिला. हाताची सवय अजून गेली नव्हती.

"तुझ्या हातची चव कुठे नाही, आई," बोया म्हणाला.

ज्या मालकाकडे ती जन्मापासून गुलाम होती, त्याचा मुलगा. मसऊदाने त्याला अंगावर पाजलं होतं. तौफा, तिची स्वतःची लेक, त्याच महिन्यातली; तिला मिळायचं ते बोयाचं पोट भरल्यावर उरेल तेवढं. तरी आज त्याला दारात पाहून मसऊदाचा जीव सुपाएवढा झाला.

नवाकशोत शहरातल्या या पत्र्याच्या झोपडीत पळून आल्याला किती वर्षं लोटली. पण पावसानंतरचं हिरवं माळरान, उंटिणीच्या धारेचा आवाज, तंबूच्या ओल्या लोकरीचा वास तिला अजून रडवायचा. त्या तंबूत ती कधी झोपली मात्र नव्हती. तिची जागा बाहेर, शेळ्यांजवळ.

दुसऱ्या पेल्याला बोयाने विषय काढला.

"बायको बाळंत झाली. दूधच येत नाही. तौफाला पाठव. तिचंही तान्हंच आहे ना?"

"कधीपर्यंत?"

"आता घरच्या माणसाला काय कधीपर्यंत? तुम्हाला कधी उपाशी ठेवलं का आम्ही?"

कोपऱ्यात तौफाने तान्ह्या लेकीला पदराखाली घट्ट धरलं. ती आईकडे बघत होती. आईने या घराण्याला नाही म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

मसऊदाने किटली पुन्हा निखाऱ्यावर ठेवली.

"तू माझं दूध प्यालास. मग तौफा तुझी कोण लागते?"

"दूधबहीण. म्हणून तर हक्काने आलो."

"मग तिसरा पेला तू ओत. बहिणीला दे."

बोया हसला. कुणीच हसलं नाही, तेव्हा त्याने झग्याच्या बाह्या खांद्यावर सारल्या, किटलीकडे पाहिलं, आणि उठला.

"उन्हं उतरली. निघतो."

तिसऱ्या पेल्याआधी उठणं हा त्या घराचा अपमान, हे त्यालाही ठाऊक होतं.

गाडीचा आवाज विरेपर्यंत मसऊदा दाराकडे बघत राहिली. मग डोळे पुसून तिने पेला भरला आणि लेकीपुढे धरला.

"थांब, हिला पाजतेय," तौफा म्हणाली.

"पाज. पोटभर होऊ दे तिचं," म्हणत मसऊदाने पेल्यावर झाकण ठेवलं.