न्हाणीची तार

पैज मीच लावली. सत्तावन्न साली चिंचवडच्या आमच्या चाळीत वीज आली. लालमहंमद वायरमन पत्र्याच्या न्हाणीला एक उघडी तार बांधून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात गाडत होता.

"ही कशाला, लालभाई? दिवा तर दोन तारांवर जळतोय."

"आर्थिंग, चिमाजीराव. आत वायर सोलली तर करंट पत्र्यात उतरतो. ही तार त्याला मातीत नेते, फ्यूज उडतो, माणूस वाचतो."

"तोडतो बघ! आठ दिवसांत काही झालं तर नळावर अर्धी मिशी काढीन. नाही झालं तर तू नऊवारी नेसून चाळीला चहा पाजायचा."

"लागली!" तो हसत गेला. माझी नेहमीची थट्टाच वाटली त्याला. मी खरंच तार तोडली आणि तुटका तुकडा दोन खुंट्यांना बांधून त्यावर चड्ड्या वाळत घातल्या. दिवा झकास जळत होता.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोजाबाई न्हाणीतून धावत आल्या. "भावजी, पत्रा चावतोय वो! हाताला मुंग्या आल्या."

"आत आधीच एखादी हडळ अंघोळीला बसली असंल," मी डोळे मोठे करून म्हणालो. चाळ खदखदली. गोजाबाई मात्र त्या दिवसापासून रामनाम घेत आत जायला लागल्या.

पाचव्या दिवशी पहाटे न्हाणीच्या मोरीत एक कुत्री मरून पडलेली. अंग पत्र्याला टेकलेलं, दात घट्ट. जखम कुठंच नाही. मी बोटाची मागची बाजू पत्र्याला लावली. खांद्यापर्यंत हिसका बसला.

कळलं. तरी तोंड उघडलं नाही. अजून तीन दिवसच तर काढायचे होते! कुत्री पोत्यात घालून पवना नदीच्या काठी पुरली. म्हटलं, दुपारी सगळे कामावर गेले की गुपचूप तार जोडू.

परत आलो तर न्हाणीचा दिवा चालू. दारावर माझ्या बायकोचं, सावित्रीचं लुगडं. आत पाणी पडत होतं. ती अंघोळ झाली की ओल्या हातानं पत्र्याची कडी काढते.

पाणी थांबलं.

हाक मारली असती तर ती आधी कडीलाच हात घालणार. मी जिन्याखाली धावलो आणि मेन स्विच खाली ओढला. सगळी चाळ अंधारली. आतून आवाज येईना.

"सावित्री!"

"ओरडताय काय? दिवा कुणी घालवला?"

मी तिथंच बसलो.

उजाडल्यावर नळावर रांग लागली. मी सगळं सांगितलं, कुत्रीसकट. गोजाबाईंनी घागर खाली ठेवली. कुणी हसलं नाही. लालमहंमदनं सोललेली वायर बदलली, तार जोडली आणि मगच वस्तरा पुढं केला. मी हात पुढं केला, पण वस्तरा सावित्रीनं घेतला.

"हलू नका," ती म्हणाली, आणि पातं ओठावर टेकवलं.