शोकाकुलांची दाटी

मी एक जुना माउस आहे. उंदीर म्हणून हसू नका, मित्रांनो. मला शेपटी आहे, पण मी कुणाचं काही कुरतडलेलं नाही. तरीही एक पाप माझ्याकडून घडलं आणि त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतो तो पुजाचा हात. सेनगावात भीमराजभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात ती सहा वर्षं नोकरीला होती. दुकानातला माउस सारखा अडकायचा, म्हणून तिनं मला स्वतः विकत आणलं. वाढदिवस, लग्न, श्रद्धांजली, सगळे बोर्ड आम्ही दोघांनी केले. कुणी तारीफ केली की भीमराजभाऊ म्हणत, "आपल्या हातचं काम हाय." त्यांचा हात मला कधी लागला नाही.

एके सकाळी रतनसिंगकाका गेल्याचं कळलं. ते पुजाच्या तांड्यावरचे, जीप चालवायचे. बारावीच्या पेपरला तिला उशीर झाला, तेव्हा त्यांनी भरलेली जीप थांबवून ठेवली होती. उतारूंच्या शिव्या खाल्ल्या, पण तिला घेतल्याशिवाय हलले नाहीत. पुजानं त्यांचा फोटो बोर्डाच्या मधोमध, चांगला मोठा लावला.

मग फोन सुरू झाले. खाली 'शोकाकुल' म्हणून माझा फोटो टाका. माझ्या भावाचा टाका. गॉगलवाला टाका, त्यात मी बराबर दिसतो. एकेक शोकाकुल आला की जागा करायला काकांच्या फोटोचा कोपरा धरून तो लहान करायचा. ओढायचं काम माझं. सत्तावीस शोकाकुल झाले तेव्हा काका पोस्टाच्या तिकिटाएवढे उरले होते.

"अजून दोघं राहिलेत," भीमराजभाऊ म्हणाले. "म्हाताऱ्याला जरा लहान कर."

"न्हाई करत," पुजा म्हणाली.

"काहून? दोन मिन्टाचं काम हाय."

"ज्याचा बोर्ड, तोच माणूस दिसू नये व्हय, भाऊ?"

"पुढचं काम जित्या माणसांकडून येतं. मेलेला काय ऑर्डर देऊन राहिला?"

पुजानं संगणकातून माझी शेपटी उपटली आणि मला पिशवीत टाकलं. "उद्यापासून मी येत न्हाई. घरूनच माझं काम करते."

"चार दिवसांत परत येशील," ते म्हणाले. बोर्ड मात्र त्यांनी दुसऱ्याकडून पुरा करून घेतला. तांड्याच्या फाट्यावर एकोणतीस जण हसत उभे राहिले.

घरी जुना लॅपटॉप आला आणि आम्ही कामाची वाट बघत बसलो. दीड महिना काहीच आलं नाही. तिचे वडील प्रेमदास रोज विचारायचे, "हातची नोकरी सोडून काय मिळालं, पोरी?" दोनदा तिनं भीमराजभाऊंचा नंबर काढला. दोन्ही वेळा न लावताच फोन ठेवला.

त्याच दिवसांत रतनसिंगकाकांची बायको, शकुंतलाबाई, घरी आली. "पुजा, त्या बोर्डावर मी बोट फिरवून फिरवून पाह्यलं," ती म्हणाली. "गॉगलवाला दिसला. माझा माणूस न्हाई दिसला."

पुजानं मला हातात घेतलं. ओढून ओढून माझं डावं बटण झिजलं होतं आणि फोटोचा कोपरा सारखा सुटत होता. तिनं बोट घट्ट दाबलं आणि कोपरा बाहेर ओढला. काका मोठे झाले, जीपच्या दारात उभे असल्यासारखे. खाली शोकाकुल एकच: शकुंतलाबाई.

फाट्यावर लागलेला तो बोर्ड बघून कनेरगाव नाक्याहून पहिली ऑर्डर आली. पुजाची अट एकच असते, ज्याचा बोर्ड त्याचाच फोटो. निम्मे लोक हे ऐकून फोन ठेवतात. ठेवू द्या.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझी शेपटी पिळू नका. पण काम करणाऱ्याच्या मागं उभं राहून 'दोन मिनिटांचं काम' म्हणू नका. आणि कुणी गेलं तर रडायला जरूर या. फोटो घरी ठेवून या.