उलटा प्रश्न विचारायची करामत

माझी आत्या कंपायलर लिहिते. म्हणजे माणसांनी लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा बारीक बारीक सूचनांत फोडून देणारा प्रोग्राम. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे दुभाषी!" खरं सांगू? मला ते पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त पटलं.

तिच्या ऑफिसातल्या चिपला एकच काम असतं, कापडातली भोकं हुडकायची. रुळांवरून कापड सरकतं, खाली दिवा, वर कॅमेरा. जिथून भसकन उजेड येईल तिथे भोक. चिप एका दमात सोळा पिक्सेलना विचारते, "तुमचा उजेड ठरलेल्या मर्यादेइतका किंवा जास्त आहे का?" सोळा उत्तरं एकदम! मला तर ऐकूनच गुदगुल्या झाल्या होत्या.

पण गंमत अशी, की 'इतका किंवा जास्त' हा प्रश्न या चिपला येतच नाही. तिला 'जास्त का' कळतं आणि 'सारखा का' कळतं. मग आत्याचा कंपायलर बिचारा आधी एक विचारायला लावायचा, मग दुसरं, मग दोन्ही उत्तरं एकत्र करायला लावायचा. तीन सूचना!

मी म्हटलं, "आत्या, एवढी उरस्फोड कशाला? प्रश्न उलटा कर ना. 'मर्यादाच जास्त आहे का?' एवढंच विचार. 'हो' आलं तर भोक नाही, 'नाही' आलं तर भोक. पुढच्या दोन वाटांची अदलाबदल केली की झालं. तिघींचं काम एकीत!"

आत्याने चष्मा कपाळावर चढवला. ती खूश झाली की असं करते.

"करून दाखव. कंपायलरच्या या आवृत्तीत तुझा बदल गेला, तर सुट्टीभर माझ्या ऑफिसात तुला स्वतःचं टेबल. नाही गेला, तर तुझी आई म्हणते तसं मावशीकडे जायचं, जुळ्यांना सांभाळायला."

जुळी गोड आहेत. पण चावतात.

मी बदल लिहिला. आकड्यांच्या सगळ्या टेस्ट पास! घरी मी इतका भाव खाल्ला, की दादा म्हणाला, "बाईसाहेब, जरा जमिनीवर या, पंखा लागेल डोक्याला."

आवृत्ती बाहेर जायच्या दिवशी मी ऑफिसात हजर. रूळ, दिवा, कॅमेरा अशी चाचणीची चौकट चालवणारे काका तिथे होते. सगळे त्यांना भोंगा म्हणतात, कारण ते कुजबुजले तरी जिन्यापर्यंत ऐकू जातं. त्यांनी कोरं करकरीत कापड लावलं आणि बटण दाबलं.

पीं. म्हणजे भोक सापडलं. रूळ थांबले. पुन्हा बटण. पीं.

"वा!" भोंगाकाका गरजले. "नव्या कापडाची चाळण केलीस की गं!"

माझे कान लाल. पण मी म्हटलं, रडायचं नंतर, आधी बघू. दोनतीनदा कापड पुढेमागे केलं. पीं व्हायचं ते कापडाच्या नव्हे, कॅमेऱ्याच्या एकाच जागी. मी तिथला आकडा पडद्यावर काढला, तर आकडाच नाही! तो पिक्सेल मेलेला होता. दिवा सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून चिप प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाला त्याच्या नुसत्या दिव्याखालच्या उजेडाने भागते. मेलेल्याचं दोन्हीकडे शून्य. शून्य भागिले शून्य, म्हणजे संख्याच नाही.

"आयला!" मी इतक्या जोरात म्हणाले, की खुद्द भोंगाकाकांनी कानावर हात ठेवला.

"आता माणसांच्या भाषेत बोल," ते म्हणाले.

"काका, तुमचा संघ काल हरला का?"

"छे! बिलकूल नाही."

"मग जिंकला की बरोबरी?"

"अगं, सामनाच झाला नाही. पंच आलेच नाहीत."

"तेच! मी फक्त 'हरला का' विचारते. 'नाही' आलं की परस्पर गळ्यात हार घालून मोकळी होते. जुना कंपायलर 'जिंकला का' आणि 'बरोबरी का' वेगवेगळं विचारायचा, दोन्हीला 'नाही' यायचं, म्हणून फसायचा नाही."

आत्या भिंतीला टेकून उभी होती. सगळं तिच्या आधीच लक्षात आलेलं दिसत होतं. दुष्ट!

"एवढंच ना?" भोंगाकाका म्हणाले. "तो एक पिक्सेल तपासणीतून वगळतो. बदल अख्खा जाऊ दे, पोरीला टेबल मिळू दे."

मोह झाला. भयंकर झाला. पण उद्या दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यात दुसरा पिक्सेल मरेल, त्याचं काय?

"नको काका. भागाकार झालेल्या आकड्यांसाठी जुनीच पद्धत ठेवते. कॅमेऱ्यातून थेट येणारे पूर्णांक असतात, ते कधी असे गायब होत नाहीत. माझा उलटा प्रश्न फक्त त्यांच्यापुरता." मग आत्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे... अर्धाच बदल."

"आणि टेस्ट?" आत्याचा पहिला शब्द.

"लिहिते. मुद्दाम शून्य भागिले शून्य घालून. माझ्या आधीच्या बदलावर ती फेल झालीच पाहिजे."

झाली, दणकून फेल झाली! मग सुधारलेल्या बदलावर पास. भोंगाकाकांनी बटण दाबलं, आणि कापड सरसर शेवटपर्यंत गेलं. पूर्णांकांची फेरी आधीपेक्षा लवकर उरकली. आत्याने जुन्या-नव्या वेळांचे आलेख एकावर एक ठेवून पाहिले, चष्मा कपाळावर गेला, आणि माझा बदल आवृत्तीत गेला.

"पण अर्धाच गं," मी घाबरत म्हटलं.

"'बदल गेला तर' एवढंच मी म्हटलं होतं. किती, ते कुठे बोलले?" तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ते तुझं टेबल. रिकामं मात्र तुलाच करायचंय."

टेबल कुठलं, कापडाच्या ताग्यांचा डोंगर! मी धावत जाऊन वरचा तागा उचलला.

"अगं, टोक धर, टोक!" भोंगाकाका ओरडले. तोवर तागा उलगडत पार दारापर्यंत गेला होता.